सामायिक मेटाडेटा मानक: रकाने थोडे, याद्या पक्क्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. महाराष्ट्रातल्या तीन-चार संस्थांकडे बोलींची आणि आदिवासी भाषांची ध्वनिमुद्रणे, शब्दसंग्रह आणि वह्यांची स्कॅन आहेत. एक विद्यापीठातला विभाग, एक मेळघाटात काम करणारी स्वयंसेवी संस्था, एक लोकसाहित्याचा जुना संग्रह. प्रत्येकाची एक्सेल शीट वेगळ्या धाटणीची. हे सगळे एकाच जागी शोधता यावे म्हणून सामायिक मेटाडेटा (सामग्रीविषयीची माहिती) मानक हवे आहे. ते कसे करायचे, किती रकाने ठेवायचे आणि कुठे अडते?

पहिली गोष्ट, कोऱ्या कागदापासून सुरुवात करू नका. कोणत्याही सामग्रीच्या वर्णनासाठी असलेल्या ‘डब्लिन कोअर’ या मानकाचे पंधरा घटक आणि त्यावर उभे राहिलेले ओलॅक (ओपन लँग्वेज आर्काइव्ज कम्युनिटी) एवढा पाया पुरेसा आहे. डिसेंबर २००० मध्ये फिलाडेल्फियातल्या कार्यशाळेत ओलॅकची सुरुवात झाली. डब्लिन कोअरला भाषासामग्रीसाठी ज्या पाच गोष्टी कमी पडत होत्या, तेवढ्याच त्यांनी जोडल्या: भाषेचा कोड, सामग्रीचा भाषिक प्रकार (मूळ संहिता, शब्दकोश की भाषावर्णन), भाषाविज्ञानाची शाखा, संवादप्रकार आणि सहभागींच्या भूमिका. ओलॅकच्या केंद्रीय शोधसेवेशी जोडून घ्या किंवा घेऊ नका, या याद्या मात्र जशाच्या तशा उचला.

दुसऱ्या टोकाला दोन मोठे प्रयत्न आहेत. नायमेखेनच्या माक्स प्लांक संस्थेत वाढलेले आयएमडीआय हे भाषासामग्रीचे मेटाडेटा मानक फार बारकाईचे आहे. क्षेत्रकार्यातले एकेक ‘सत्र’ हे त्याचे एकक, आणि भाषकाच्या शिक्षणापासून संभाषणाच्या औपचारिकतेपर्यंत प्रत्येक गोष्टीला त्यात जागा आहे. अडचण अशी की जागा असली की ती भरावी लागते, आणि छोट्या संस्थेत ती रिकामीच राहते किंवा सगळीकडे ‘अनिर्दिष्ट’ भरून मोकळे होतात. त्यानंतर भाषासामग्रीसाठीच्या युरोपच्या क्लॅरिन जाळ्याने सीएमडीआय ही मेटाडेटा-चौकट आणली (२०१५ पासून आयएसओ २४६२२ चा पहिला भाग). त्यात घटक जोडून आपापले प्रोफाइल बनवता येते. ही लवचिकता मोहात पाडते, पण प्रोफाइले वाढत जातात आणि मग शेकडो तऱ्हेचे रकाने शोधयंत्रात भाषा, देश, प्रकार अशा मोजक्या गाळण्यांवर आणून बसवायला वेगळी मेहनत लागते. तीन-चार संस्थांनी या वाटेला जाऊ नये. आयएमडीआय किंवा सीएमडीआयमध्ये निर्यात करता येईल एवढी तजवीज ठेवली की झाले.

रकान्यांची नावे ठरवण्याआधी ‘एक नोंद म्हणजे काय’ हे ठरवा. बैठकांमध्ये हा मुद्दा हटकून मागे पडतो आणि पुढचा सगळा गोंधळ इथूनच निघतो. एक संस्था प्रत्येक फाइलला नोंद म्हणते, दुसरी अख्ख्या कॅसेटला, तिसरी संपूर्ण गावभेटीला. मग एकीकडे चारशे नोंदी आणि दुसरीकडे सहा दिसतात, पण सामग्री मात्र जवळपास तेवढीच असते. चालणारी रचना तीन पातळ्यांची आहे: संग्रह, त्याखाली संच, त्याखाली फाइली. संच म्हणजे एका प्रसंगातून आलेले सगळे: मूळ ध्वनी, त्याची ऐकण्यापुरती लहान प्रत, एलान या सॉफ्टवेअरमधले लिप्यंतर (ऐकून लिहिलेला मजकूर), मराठी भाषांतर, वहीच्या पानाचा फोटो. माणसाने हाताने भरायचा मेटाडेटा फक्त संचाच्या पातळीवर ठेवा. कॅसेटच्या एका बाजूवर तीन गोष्टी आणि एक गाणे असेल, तर चार संच करा आणि चौघांमध्ये ‘मूळ वाहक’ म्हणून त्याच कॅसेटचा क्रमांक द्या.

संचासाठी सक्तीचे रकाने बारापेक्षा जास्त नकोत. नमुन्यादाखल एक काल्पनिक नोंद देतो. कोड प्रत्यक्षात रोमन लहान अक्षरांतच साठवायचे, इथे वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीत लिहिले आहेत.

ओळख क्रमांक: एन-००४२
शीर्षक: मोहफुले वेचण्याची आणि वाळवण्याची पद्धत
विषयभाषा: के-एफ-क्यू (कोरकू)
आशयाच्या भाषा: के-एफ-क्यू, एम-ए-आर (प्रश्न मराठीत)
तारीख: २०११-०४
ठिकाण: धारणी तालुका, जि. अमरावती, सोबत गावाचा एलजीडी (सरकारी सूचीतला) कोड
व्यक्ती आणि भूमिका: पी-०१७ भाषक, पी-००३ मुद्रक, पी-०२१ लिप्यंतरकार
संवादप्रकार: कृतिवर्णन
माध्यम: ध्वनी, मजकूर
वर्णन: दोन ते चार वाक्ये
प्रवेश: नोंदणी केलेल्या वापरकर्त्यांना
संमती: एस-०१७, तोंडी, ध्वनिमुद्रित

यातले ‘विषयभाषा’ आणि ‘आशयाची भाषा’ हे दोन रकाने एक करण्याचा मोह होतो. करू नका. मराठीत लिहिलेल्या कोरकू व्याकरणाची विषयभाषा कोरकू, आशयाची भाषा मराठी. रकाना एकच असेल तर कोणी कोरकू लिहील, कोणी मराठी. मग कोरकू ऐकायला आलेल्या माणसाला व्याकरणाची पुस्तके मिळतील आणि कोरकूवरचे लेखन शोधणाऱ्या अभ्यासकाला त्यातले निम्मे सापडणार नाही.

आता कळीचा भाग. रकान्यांवर एकमत दोन बैठकांत होते. रकान्यात काय भरायचे यावर वर्ष जाते, आणि सामायिक शोध चालतो की नाही हे तिथेच ठरते. त्यातही सर्वांत अवघड भाषेचा रकाना.

आयएसओ ६३९-३ या आंतरराष्ट्रीय मानकातले भाषांचे तीन अक्षरी कोड वापरा, पण ते आपल्या भूगोलावर नीट बसतीलच असे गृहीत धरू नका. वारलीला व्ही-ए-व्ही, कातकरीला के-एफ-यू, निहालीला एन-एल-एल, इथे प्रश्न नाही. खानदेशात मात्र अहिराणीला ए-एच-आर आणि खानदेशीला के-एच-एन असे दोन वेगळे कोड आहेत, त्यामुळे एकाच गावची दोन ध्वनिमुद्रणे दोन संस्थांत दोन कोडांखाली जातात. कोकणीचा के-ओ-के हा समूहकोड आहे. त्याच्या पोटात जी-ओ-एम (गोव्याची कोकणी) आणि के-एन-एन असे दोन. मालवणीला स्वतंत्र कोड नाही. वऱ्हाडी-नागपुरीला व्ही-ए-एच आहे, म्हणजे मराठीचा कोड टाकून शोधणाऱ्याला वऱ्हाडी सामग्री दिसणारच नाही. गोंडीचा जी-ओ-एन समूहकोड, त्याखाली जी-एन-ओ, ई-एस-जी, डब्ल्यू-एस-जी. दक्षिणी गोंडीचा जुना जी-जी-ओ कोड रद्द होऊन त्याचे अहेरी आणि आदिलाबाद असे दोन भाग झाले आहेत. जुन्या शीटमध्ये जी-जी-ओ सापडला तर तो आपोआप कुठल्याही एका कोडात बदलू नका. मुद्रणाचे गाव बघून ठरवा, आणि ठरत नसेल तर जी-ओ-एन ठेवा.

यावर उपाय म्हणजे भाषेसाठी तीन जागा. एक, आयएसओ कोड, सक्तीचा. दोन, ग्लोटोलॉग या जगातल्या भाषा-बोलींच्या सूचीतला कोड, जमेल तिथे. चार अक्षरे आणि चार अंक अशी त्याची घडण असते, मराठीचा एम-ए-आर-ए-१३७८. तो बोलीच्या पातळीपर्यंत जातो, म्हणून आयएसओ जिथे थांबते तिथे तो कामाला येतो. तीन, भाषक स्वतः आपल्या बोलीला काय म्हणतो ते, त्याच्याच शब्दांत, कुठलीही ‘दुरुस्ती’ न करता. कोरकू भाषक मवासी म्हणाला तर मवासी. या तिसऱ्या रकान्याला अनेक भाषातज्ज्ञ कमी लेखतात, पण कोड उद्या बदलतील. भाषकाने दिलेले नाव पुन्हा विचारायला तो माणूस हयात असेलच असे नाही. याशिवाय दोन पानांचा निर्णयतक्ता करा: ‘अहिराणी, खानदेशी, लेवा असे नाव आल्यास कोणता कोड’, ‘समूहकोड कधी चालेल’, ‘भाषा ओळखता आली नाही तर यू-एन-डी’, ‘नुसते वाद्यवादन असेल तर झेड-एक्स-एक्स’. शोधयंत्रात संबंधित कोडांची गटवारी ठेवा, म्हणजे मराठी निवडल्यावर वऱ्हाडीही दाखवायची का, हा पर्याय वाचकाला मिळतो.

लिपी वेगळ्या रकान्यात टाका. मोडी हस्तलिखिताची भाषा मराठीच. फक्त लिपीचा चार अक्षरी कोड देवनागरीऐवजी मोडीचा. ‘भाषा: मोडी’ अशा नोंदी जुन्या याद्यांत सर्रास आढळतात, त्या आयात करतानाच पकडा.

ठिकाण हा दुसरा खड्डा. पिंपळगाव, वडगाव, नांदगाव अशी नावे जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, म्हणून नुसते गावाचे नाव निरुपयोगी. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतला (एलजीडी) गावाचा कोड घ्या. त्यासोबत ‘मुद्रणावेळी कागदावर लिहिलेले ठिकाण’ हा रकाना जसाच्या तसा जपा, कारण जिल्हे बदलतात. २०१० साली तलासरीत मुद्रित केलेल्या वारली गाण्यावर ‘जि. ठाणे’ असे लिहिलेले असेल. १ ऑगस्ट २०१४ पासून तो भाग पालघर जिल्ह्यात आहे. १९९८ पूर्वीच्या नोंदींत नंदुरबारची गावे धुळ्याखाली सापडतील. जुने पुसून नवे लिहिले तर मूळ वहीशी ताळमेळ तुटतो, आणि जुनेच ठेवले तर नकाशावर चुकते. म्हणून दोन्ही हवेत. मुद्रणाचे ठिकाण आणि भाषकाचे मूळ गाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही विसरू नका. पुण्याच्या स्टुडिओत बोललेला कोरकू भाषक पुण्याचा होत नाही. मूळ गाव व्यक्तीच्या नोंदीत, मुद्रणाचे ठिकाण संचाच्या नोंदीत.

मराठीपुरता एक तांत्रिक मुद्दा जवळून बघण्यासारखा आहे, कारण परदेशी मार्गदर्शिकांत तो मिळत नाही. ‘कऱ्हाड’ हे नाव युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टंकले जाते: एकदा ऱ (यू+०९३१) आणि हलन्त वापरून, एकदा साधा र, हलन्त आणि त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह (झेडडब्ल्यूजे) घालून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला मात्र दोन वेगळी गावे वाटतात. एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करण्याची युनिकोडची पद्धत) केले तर र आणि नुक्ता अशी जोडी ऱ मध्ये विलीन होते, पण झेडडब्ल्यूजेचे रूप तसेच राहते. हाच प्रकार ‘ॲ’चा: स्वतंत्र अक्षर यू+०९७२ आणि ‘अ’ला चंद्र जोडून केलेले ‘अॅ’ यांना एनएफसी एकत्र आणत नाही. म्हणून आयातीच्या वेळी एनएफसी तर कराच, शिवाय या दोन बदलांचा स्वतःचा नियम लिहा आणि तो मानकाच्या दस्तऐवजात नोंदवा. तो सगळ्या संस्थांनी सारखाच चालवला पाहिजे. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधल्या याद्या रूपांतरित करताना ऱ्हस्व इकार, रफार आणि जोडाक्षरे सर्वाधिक बिघडतात. रूपांतरानंतर शंभरेक ओळी डोळ्यांनी तपासा आणि मूळ फाइल फेकू नका.

एक्सेल स्वतःच बरेच नुकसान करते. ०४२ चे ४२ होते. ‘०४-२०११’ लिहिले की ते आपल्या मर्जीची तारीख बनवते, आणि ०५/०६/२००९ म्हणजे ५ जून की ६ मे हे त्या संगणकाच्या सेटिंगवर ठरते. साध्या सीएसव्हीत जतन केले तर देवनागरीची प्रश्नचिन्हे होतात. सीएसव्ही यूटीएफ-८ हाच पर्याय निवडायचा. शीट उघडल्या उघडल्या सगळे स्तंभ ‘टेक्स्ट’ स्वरूपात करा. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, आणि जेवढी माहीत तेवढीच: फक्त वर्ष माहीत असेल तर २००९. तिथे ०१-०१ जोडणे म्हणजे खोटी माहिती तयार करणे. अंदाजे वर्ष असेल तर आयएसओ ८६०१ च्या दुसऱ्या भागातले (२०१९) चिन्ह वापरता येते: वर्षापुढे ‘~’.

संवादप्रकारासाठी ओलॅकची यादी लहान आहे: कथन, गायन, कृतिवर्णन, वक्तृत्व, संवाद, नाट्य, सूत्रबद्ध बोलणे वगैरे. ‘यात ओवी कुठे, भारूड कुठे, वारली लग्नात धवलेरी गाते ते कुठे?’ असा आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. ही वरची यादी मात्र वाढवू नका. वरच्या पातळीवर ‘गायन’, त्याखाली ‘स्थानिक प्रकार’ हा मोकळा पण संस्थेने सांभाळलेला रकाना. वरच्या पातळीने सगळ्या संस्था जोडल्या जातात, खालच्या पातळीवर प्रत्येकीचे ज्ञान शाबूत राहते. नोंदीत शब्द न साठवता यादीतल्या घटकाचा स्थिर कोड साठवा. मराठी, हिंदी, इंग्रजी लेबले त्या कोडाला लटकवा. ‘कथन’चे ‘निवेदन’ करायचे ठरले तर एका जागी बदल होतो, हजार नोंदींना हात लावावा लागत नाही.

व्यक्तींची माहिती वेगळ्या तक्त्यात ठेवा आणि संचात फक्त क्रमांक द्या. वय लिहू नका, जन्मवर्ष (अंदाजे चालेल) लिहा; ‘वय ६०’ हे कोणत्या साली, हे दहा वर्षांनी कोणी सांगू शकत नाही. फोन, पत्ता, जात-जमात, आजार यांतले काहीही सामायिक निर्यातीत जाता कामा नये; २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा लक्षात घेऊन अंतर्गत आणि सार्वजनिक असे दोन भाग पहिल्या दिवसापासून पाडा. त्याच वेळी सरसकट नावे लपवणेही चूक आहे. आपल्या आजीने सांगितलेली गोष्ट तिच्या नावाने ओळखली जावी असे अनेक कुटुंबांना वाटते, आणि अनामिक करून आपण त्यांचे श्रेय काढून घेतो. म्हणून ‘श्रेय कसे द्यायचे’ हा स्वतंत्र रकाना असावा: पूर्ण नाव, फक्त पहिले नाव, गावाचे नाव किंवा अनामिक. तो संमती घेतानाच विचारून भरायचा.

संमती, प्रवेश आणि परवाना या तीन गोष्टी एकाच ‘हक्क’ रकान्यात कोंबल्या जातात. संमती म्हणजे भाषकाने कशाला होकार दिला. प्रवेश म्हणजे कोणाला ऐकता येईल. परवाना म्हणजे ऐकल्यावर काय करता येईल. प्रवेशाच्या चार पायऱ्या पुरतात: खुला, नोंदणीनंतर, विनंतीवरून, बंद. ‘बंद’ लिहिले की कारण आणि पुनर्विचाराची तारीख सक्तीची करा, नाहीतर ते ध्वनिमुद्रण कायमचे कुलपात जाते आणि का ते कोणालाच आठवत नाही. विधीची गाणी, मंत्र, औषधी वनस्पतींचे ज्ञान अशा सामग्रीबाबत व्यक्तीची सही पुरत नाही, समाजाचे मत घ्यावे लागते. आदिवासी समाजांच्या माहितीविषयी २०१९ मध्ये मांडलेली केअर तत्त्वे याच मुद्द्यावर आहेत. यंत्रप्रशिक्षणासाठी (एआयला शिकवण्यासाठी) वापर चालेल का, हा प्रश्न आता संमतीपत्रात वेगळा विचारा. जुन्या संमतीवरून त्याचा होकार गृहीत धरता येत नाही.

फाइलीच्या पातळीवरचे तपशील, म्हणजे कालावधी, नमुनादर, बिट-खोली, चेकसम (फाइल बदललेली नाही हे तपासायची खूण), हाताने भरायचे नाहीत. मीडियाइन्फोसारखे साधन ते काढून देते आणि एसएचए-२५६ चेकसम एका आज्ञेत निघतो. नव्या मुद्रणाला ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह हे ठीक. एमपी३ वरून वेव्ह बनवून ‘मूळ प्रत’ म्हणून ठेवणाऱ्या नोंदी पकडायच्या असतील तर ‘मूळ वाहक’ आणि ‘कशावरून तयार केली’ हे दोन रकाने उपयोगी पडतात.

कामाचा क्रम असा ठेवा. प्रत्येक संस्थेकडून पन्नास नोंदी मागवा, सोप्या निवडून नव्हे तर जशा येतील तशा. त्यांच्या रकान्यांचा जुळणीतक्ता करा: डावीकडे त्यांचा रकाना, मध्ये तुमचा, उजवीकडे ‘काय बदलावे लागेल’. मग त्यातल्या वीस नोंदी दोन वेगवेगळ्या माणसांना एकमेकांशी न बोलता भरायला द्या. जिथे उत्तरे वेगळी येतील तिथे माणसे बदलू नका. नियमाची भाषा बदला, उदाहरण घाला. भाषा, संवादप्रकार आणि भूमिका हे तीन रकाने पहिल्या फेरीत हमखास अडतात. दुसरी फेरी झाल्यावरच मोठी आयात सुरू करा. जुन्या शीट साफ करायला ओपनरिफाइन उत्तम: ‘अमरावती’, ‘अमरावति’, ‘अमरावती ’ (शेवटी मोकळी जागा) अशी रूपे ते समोर मांडते. क्षेत्रकार्यात नव्या नोंदी भरायला लामेटा वापरता येते. ते इंटरनेटशिवाय चालते आणि आयएमडीआय व सीएसव्ही दोन्हीत निर्यात करते.

जुन्या साठ्यासाठी सगळे बारा रकाने भरण्याचा हट्ट धरू नका. ओळख क्रमांक, विषयभाषा, तारीख, ठिकाण, प्रवेश एवढ्या पाचांवर नोंद ‘प्राथमिक’ म्हणून जाऊ द्या आणि दर्जाचा रकाना ठेवा. प्रवेशाची खात्री नसेल तर ध्वनी बंद, नोंद मात्र दिसती. अशी अर्धी नोंद सार्वजनिक झाली की अनेकदा त्याच गावातला कोणी बाकीची माहिती पुरवतो. त्यासाठी ‘दुरुस्ती सुचवा’ची सोय ठेवा.

मानकाची मालकी कोणाकडे, हे लेखी ठरवा. क्लॅरिनने आधी वापरलेल्या आयसोकॅट या संज्ञांच्या नोंदवहीत कोणालाही संज्ञा भरता येत होती. एकाच अर्थाच्या अनेक नोंदी साठल्या आणि शेवटी तिच्या जागी क्लॅरिनची संकल्पना-नोंदवही आली, जिथे बदलाचा अधिकार मोजक्या समन्वयकांकडे आहे. तुमच्याकडे प्रत्येक संस्थेचा एक असा गट पुरे. सूचना वर्षभर घ्या, बदल वर्षातून एकदाच करा, आवृत्तीला क्रमांक द्या आणि प्रत्येक नोंदीत ती कोणत्या आवृत्तीनुसार भरली ते लिहा. यादीतला कोड कधीही खोडू नका. ‘वापरातून बाद, याऐवजी हा’ असे लिहा. आयएसओ ६३९-३ मध्ये दरवर्षी बदल होतात, तेही याच वेळी तपासा.

देवाणघेवाणीसाठी ओएआय-पीएमएच (संस्थांकडून मेटाडेटा गोळा करण्याची ठरलेली पद्धत) पुरेसे आहे. प्रत्येक संस्था आपला साठा आपल्याकडेच ठेवते आणि फक्त मेटाडेटा सामायिक शोधाकडे जातो. ज्या संस्थेकडे सर्व्हर सांभाळायला माणूस नाही, तिने ठरलेल्या साच्यातली एक सीएसव्ही महिन्याला द्यावी. मोठी संस्था ती रूपांतरित करेल. ओळख क्रमांकात संस्थेचे नाव, जिल्हा किंवा भाषा गुंफू नका, या तिन्ही गोष्टी बदलतात. एकदा दिलेला क्रमांक पुन्हा दुसऱ्या वस्तूला देऊ नका.

कुटुंबाने किंवा समाजाने एखादे ध्वनिमुद्रण मागे घ्यायला सांगितले तर फाइल काढा, वर्णन आणि नाव काढा, पण क्रमांक ठेवा आणि त्या जागी ‘विनंतीवरून मागे घेतले’ व तारीख एवढेच दाखवा. ओएआय-पीएमएचमध्ये वगळलेल्या नोंदीसाठी ‘डिलीटेड’ ही स्थिती आहे; तुमची प्रणाली ती कायमस्वरूपी जाहीर करते का, हे सॉफ्टवेअर निवडतानाच विचारा. ती नसेल तर नोंद तुमच्याकडून जाते आणि सामायिक शोधात भाषकाच्या नावासकट तशीच दिसत राहते.